उणे एकचे वर्गमूळ कशासाठी?

संमिश्र संख्यांचा धडा बहुधा क्ष² + १ = ० या समीकरणाने सुरू होतो. वास्तव संख्यांत त्याला उत्तर नाही, म्हणून नवी संख्या मानू, असे आपण सांगतो. चौकस विद्यार्थी विचारतो, "उत्तर नाही तर नाही! ओढूनताणून आणायचे कशाला?" शंका रास्त आहे. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त हेच म्हटले होते : धन व ऋण या दोहोंचा वर्ग धनच येतो, म्हणून ऋण संख्येला वर्गमूळ नाही. पुढे हे मत बदलले, ते मात्र वर्गसमीकरणामुळे नव्हे, तर घन समीकरणामुळे.

१५४५ साली जर्मनीतील न्युरेंबर्ग येथे जिरोलामो कार्दानोचा 'आर्स मॅग्ना' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात एक प्रश्न आहे : १० चे असे दोन भाग करा, की त्यांचा गुणाकार ४० येईल. उत्तर ५ + √(−१५) आणि ५ − √(−१५). पडताळा बरोबर येतो, पण कार्दानोला हा प्रकार निरुपयोगी वाटला.

त्याच ग्रंथात घन समीकरणे सोडवण्याची रीत होती. ती क्ष³ = १५क्ष + ४ या समीकरणाला लावू. ४ ची निमपट २, तिचा वर्ग ४. १५ चा तृतीयांश ५, त्याचा घन १२५. वजाबाकी −१२१. म्हणून,

क्ष = घनमूळ [२ + √(−१२१)] + घनमूळ [२ − √(−१२१)]

येथे 'उत्तर नाही' म्हणून सुटका नाही. क्ष = ४ घालून पाहा : ६४ = ६० + ४. उत्तर आहे आणि ते साधा पूर्णांक आहे! उरलेली दोन उत्तरे, −२ + √३ आणि −२ − √३, हीदेखील वास्तवच.

हा पेच राफाएल बॉम्बेल्ली या अभियंत्याने १५७२ च्या आपल्या बीजगणितात सोडवला. √(−१) ला नेहमीचे नियम लावले, तर २ + √(−१) चा घन २ + ११√(−१), म्हणजेच २ + √(−१२१) येतो. दुसरे घनमूळ तसेच २ − √(−१). बेरीज केली की √(−१) नाहीसे होते आणि ४ उरतात. वास्तवाकडून वास्तवाकडे जाणारी वाट मध्येच 'अशक्य' प्रदेशातून गेली होती.

तरीही संशय टिकला. १६३७ मध्ये देकार्तने अशा मुळांना 'काल्पनिक' म्हटले. वेसेल (१७९७) व आर्गां (१८०६) यांनी या संख्या प्रतलावर मांडल्या. −१ ने गुणणे म्हणजे अर्धे वर्तुळ फिरणे, √(−१) ने गुणणे म्हणजे काटकोनातून फिरणे. दोनदा काटकोनात फिरले की अर्धे वर्तुळ पुरे होते.

३ − ५ साठी ऋण संख्या, ३ ÷ ५ साठी अपूर्णांक, २ च्या वर्गमूळासाठी अपरिमेय संख्या. प्रत्येक वेळी जुन्या संख्या नव्या कुटुंबात सामावल्या, बेरीज-गुणाकाराचे नियम टिकले. संमिश्र संख्यांतही तसेच घडले. मात्र लहानमोठेपणाचा क्रम गमवावा लागला. √(−१) शून्याहून मोठा मानला काय किंवा लहान मानला काय, त्याचा वर्ग धन यायला हवा, आणि तो तर −१ आहे. त्या बदल्यात कोणत्याही बहुपदी समीकरणाला मूळ मिळण्याची हमी मिळाली.

आम्हाला वाटते, वर्गात क्ष² + १ = ० च्या आधी बॉम्बेल्लीचे समीकरण द्यावे. मग सरावासाठी क्ष³ = ३०क्ष + ३६ देऊन पाहा. ३ + √(−१) चा घन करायला सांगितला, की पुढची वाट मुले स्वतःच शोधतील.