कामगार साहित्यातला धोटा

आम्ही काही लेखक नव्हे. पंचवीस वर्षं गिरणीत काढली, वाचन जे झालं ते रात्रपाळी सुटल्यावर आणि विहारातल्या कपाटातून. स्मरणिकेसाठी 'कामगार आणि साहित्य' यावर लिहा असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला, म्हणून हा प्रपंच.

शाळेत असताना आम्ही मामा वरेरकरांची 'धावता धोटा' कादंबरी घरी आणली. गिरणी कामगारांवरची, 1930 च्या दशकातली. आजोबांना मोठ्याने नाव वाचून दाखवलं. ते म्हणाले, "धोटा व्हय? त्याला आमाला कवा हात लावू दिला?" आजोबांची सारी हयात रिंग खात्यात गेली होती. तेव्हा आम्हाला त्यांचं बोलणं उमगलं नाही.

प्रकार असा होता. साचेखात्यात धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घाली आणि सुताचं टोक भोकातून तोंडाने ओढून घेई. एकच धोटा अनेकांच्या तोंडी जाई. अस्पृश्याचा उष्टा धोटा तोंडाला कोण लावणार? म्हणून आपल्या लोकांना त्या खात्याचं दार बंद. आणि जास्त पगार नेमका तिथेच! मालकाला पिळायला जात लागत नव्हती, पण शेजारच्या कामगाराला ती लागत होती. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे आणला. साचेखातं आमच्या माणसांना खुलं करा ही मागणी यादीत घाला, नाही तर आमचे लोक संपात कशाला येतील, असं त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं. पुढारी नाखुशीनेच कबूल झाले. त्यावर बाबासाहेबांनी कामगारांत फूट पाडली असं म्हणणारे आम्ही युनियनच्या कचेरीत पाहिलेत. फूट आधीच होती, बाबांनो. ती धोट्यात होती.

हे सांगायचं कारण, साहित्यात कामगार आला तो बहुतेक वेळा बिनजातीचा आला. हात कष्टाचे, घाम सगळ्यांचा सारखा. नारायण सुर्व्यांबद्दल आमच्या मनात आदरच आहे. एका गिरणी कामगाराला रस्त्यावर सापडलेलं हे पोर, 1962 साली 'ऐसा गा मी ब्रह्म' घेऊन आलं आणि 1995 ला परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्ष झालं. गिरणगावाची मान त्या दिवशी ताठ झाली, आमचीही. पण आजोबांचं बोलणं उमगायला आम्हाला दुसरीकडे जावं लागलं.

अण्णाभाऊ साठे लाल बावटा कलापथकाचे शाहीर, स्वतः गिरणीत राबलेले. 1958 साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांनीच केलं. पुढच्या वर्षी 'फकिरा' आली ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. लाल आणि निळा एकाच माणसात कसे नांदतात, हे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना उशिरा कळलं. काहींना अजून कळायचंय.

मग 1963 ला बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. त्यातला नायक रेल्वेत कामाला लागतो, जात लपवतो. सोबतचे कामगार त्याला मान देतात. जात उघडी पडते आणि तेच मारायला धावतात. मालक नाही, साहेब नाही, कामगारच! ही कथा आम्ही रात्रपाळीच्या सुट्टीत वाचली आणि जेवणाचा डबा तसाच राहिला. धोट्याचं कोडं सुटलं ते त्या रात्री.

वामनदादा कर्डकांना मात्र संमेलनवाले साहित्यिक मानायला फार काळ कचरले. त्यांनीही गिरणीत काम केलं, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले, अक्षरं शिकले ती मोठेपणी. त्यांची गाणी पुस्तकात यायच्या आधी बायाबापड्यांना तोंडपाठ होती.

1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या. त्या संपावर, उद्ध्वस्त घरांवर नाटकं आली, सिनेमे आले. जयंत पवारांचं 'अधांतर' आम्ही दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा डोळे पुसले. पण रिंग खात्यातल्या आमच्या माणसांवर, त्यांच्या वेगळ्या पाण्याच्या भांड्यावर लिहायचं अजून पुष्कळ बाकी आहे. आजोबा 1985 ला गेले. 'धावता धोटा' आम्ही पुढे पुरी वाचली, पण ती त्यांना वाचून दाखवायची राहिली.