एक झोपतो, एक चालवतो

जून २०१५ मध्ये नाशिकचे दोन डॉक्टर भाऊ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सायकलवर निघाले आणि ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांनी पूर्व किनाऱ्यावर पोचले. थोरले हितेंद्र महाजन भूलतज्ज्ञ, धाकटे महेंद्र महाजन दंतवैद्य. दोघंही चाळिशीच्या आसपासचे. शर्यतीचं नाव 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका', सायकलवाल्यांच्या तोंडी 'रॅम'. तेव्हा ती कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसपर्यंत होती: बारा राज्यं, सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर. वाटेतले चढ एकावर एक रचले तर एव्हरेस्टची उंची पाच-सहा वेळा भरेल. संघांना मुदत नऊ दिवसांची. महाजन बंधूंच्या हातात शेवटी नऊ तास उरले होते, म्हणजे एका रात्रीची बरी झोप. ही शर्यत मुदतीत पूर्ण करणारा हा पहिला भारतीय संघ.

आता दुसरा आकडा पाहा. आदल्याच वर्षी, २०१४ मध्ये, ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ श्ट्रासरने हीच शर्यत एकट्याने ७ दिवस १५ तास ५६ मिनिटांत संपवली होती. म्हणजे एकटा माणूस १८४ तासांत पोचला आणि दोघांना मिळून २०७ तास लागले. कोणी खवचटपणे विचारेल, की मग दोघांनी मिळून केलं काय? प्रश्न वाटतो तितका वाह्यात नाही. उत्तर शोधायला गेलं, की सायकलिंगमधला 'संघ' म्हणजे नेमकं काय, आणि पोटापाण्याचा उद्योग सांभाळून उतारवयाच्या अलीकडच्या टप्प्यावर शर्यतीत उतरणाऱ्या माणसांना तो का लागतो, हे उलगडत जातं.

सायकल शर्यत तशी एकट्याच्या कीर्तीची गोष्ट. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणारा 'घाटाचा राजा' ठरतो. राजा एकच असतो. टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज याला तर संघ हा प्रकारच खुपायचा. ज्याने त्याने आपल्या मांड्यांच्या बळावर जिंकावं, दुसऱ्याच्या आडोशाने नव्हे, असा त्याचा हट्ट. पण वाऱ्याचं गणित त्याच्या हट्टाला जुमानेना. पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून चालवणाऱ्याची मेहनत बरीच वाचते, त्यामुळे संगनमत होतंच. शेवटी १९३० साली देग्रांजनेच टूरमध्ये राष्ट्रीय संघ आणले. तेव्हापासून आजवर व्यावसायिक शर्यतींत संघाचा अर्थ बहुधा हाच: आठ-नऊ जणांनी वारा खायचा, पाण्याच्या बाटल्या आणायच्या आणि नाव एकाचं व्हायचं.

हौशी सायकलस्वारांनी मात्र वेगळी वाट धरली. १८९७ साली बारा इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला, सुमारे २३० किलोमीटर, एका दिवसाच्या उजेडात जायला निघाले. या धाडसी मंडळींमुळे 'ऑडॅक्स' हा शब्द सायकलिंगमध्ये आला. गंमत म्हणजे १९०४ साली फ्रान्समध्ये या प्रकाराचे नियम बांधून दिले ते याच देग्रांजने. सगळ्यांनी एकत्र, ठरलेल्या वेगाने, कप्तानाच्या मागे जायचं. कोणी पुढे पळायचं नाही. आपल्याकडची वारीची दिंडी आठवावी, असाच हा मामला. पुढे १९२१ साली त्यात फूट पडली आणि 'ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ'ने ज्याने त्याने आपापल्या वेगाने जाण्याची पद्धत सुरू केली. आज भारतात जिला 'ब्रेव्हे' म्हणतात ती हीच. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. वेळेत आलेल्या सगळ्यांची नावं एकाच यादीत लागतात.

महाराष्ट्रातल्या पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या सायकलस्वारांची घडण प्रामुख्याने या ब्रेव्हेंनी केली. पुण्याच्या दिव्या ताटे यांनी 'ऑडॅक्स इंडिया'चं जाळं उभं केलं आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत गावोगावच्या क्लबांना एक तयार चौकट मिळाली. त्यांच्याच 'इन्स्पायर इंडिया'ने पुण्याहून गोव्याला जाणारी, सुमारे ६४० किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' सुरू केली. रॅमची पात्रता गाठायची तर घराजवळची पायरी हीच. इथे एकट्याने जाता येतं, दोघांनी जाता येतं, चौघांनीही जाता येतं. ब्रेव्हेमध्ये स्पर्धा नव्हती, इथे आहे. आणि इथेच क्लबातली मंडळी प्रथमच 'आपला संघ' म्हणून घड्याळाविरुद्ध उभी राहतात.

रॅमचा जन्म मात्र एकेकट्यांच्या ईर्ष्येतून झालेला. १९८२ साली जॉन मरिनो, लॉन हॉल्डमन, मायकेल शर्मर आणि जॉन हॉवर्ड हे चौघे कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाच्या धक्क्यावरून न्यू यॉर्ककडे निघाले. हॉल्डमन ९ दिवस २० तासांत पहिला आला. दिवसरात्र चालवत राहायचं आणि कमीत कमी झोपायचं, एवढाच त्या शर्यतीचा मंत्र. पुढच्या वर्षी शर्मरच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकं वर धरता येईना. या अवस्थेला आजही 'शर्मर्स नेक' म्हणतात. एकट्याच्या शर्यतीत शेवटी माणूस झोपेशी भांडत असतो आणि झोप सहसा हरत नाही.

संघाचे गट नंतर आले आणि त्यांनी या भांडणावर तोडगा काढला. रिले पद्धतीत एक जण रस्त्यावर असतो, बाकीचे गाडीत. चौघांचा संघ बहुधा दोन जोड्या पाडतो: एक जोडी काही तास आलटून पालटून चालवते, दुसरी जेवते, झोपते. दोघांच्या संघात ही चैन नाही. एक उतरला की दुसरा चढतो. अदलाबदल थांबून करायची तर येणाऱ्याचं पुढचं चाक थांबलेल्याच्या मागच्या चाकाच्या रेषेत यावं लागतं, मगच दुसऱ्याने पेडल मारायचं. रात्री सायकलच्या मागे दिव्यांच्या उजेडात गाडी हवीच. गाडीच्या किंवा कोणाच्या आडोशाने वारा चुकवायला परवानगी नाही. म्हणजे व्यावसायिक संघाचा जो मुख्य फायदा, तो इथे शून्य. इथल्या संघाचा उपयोग एकच. तो तुम्हाला झोपू देतो.

म्हणूनच महाजन बंधूंची तुलना श्ट्रासरशी करण्यात अर्थ नाही. श्ट्रासर हा जगातल्या मोजक्या लोकांपैकी एक, वर्षानुवर्षं हेच करणारा. हे दोघं दवाखाने चालवणारे. चार हजार आठशे किलोमीटर दोघांत वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला रोजचे पावणेतीनशे किलोमीटर येतात, आणि असे जवळजवळ नऊ दिवस. तुलना करायचीच तर २०१७ शी करावी. त्या वर्षी नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत एकट्याने रॅम पूर्ण केली. एकट्याने ती पार करणारे हे पहिले भारतीय. त्याआधी २०१० पासून बंगळूरच्या समीम रिझवी यांनी हा घाट घालून पाहिला होता. २०१७ मध्येच 'टीम सह्याद्री' हा चौघांचा संघही शर्यत पूर्ण करून आला. क्रम लक्षात घ्या: आधी दोघे पोचले, मग दोन वर्षांनी एकटे.

या यादीत डॉक्टर इतके का, असा प्रश्न पडतोच. पैसा हे एक उत्तर आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. चांगली सायकल, परदेशप्रवास, आठ-दहा मदतनीस, भाड्याच्या गाड्या हा खर्च सामान्य पगारदाराच्या आवाक्यातला नव्हे. पण दुसरंही एक उत्तर असावं असं मला वाटतं. डॉक्टर तरुणपणीच रात्रपाळी शिकतात. मध्यरात्री उठून शुद्धीवर असणं, आपली पाळी संपली की रुग्ण दुसऱ्याच्या हवाली करणं आणि मग खरंच झोपी जाणं, हे त्यांच्या शिक्षणातच असतं. हवाली करून झोपता येण्यासाठी पुढच्यावर विश्वास लागतो. भूलतज्ज्ञ तर दुसऱ्याला झोपवून स्वतः जागा राहण्याचंच काम करतो. दोघांच्या संघात नेमकं तेवढंच करायचं असतं.

वर्ध्याच्या माणसाला यात परकं काही वाटू नये. जिल्ह्यातल्या हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमट्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' सायकलयात्रा काढली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होत्या. सत्तरी ओलांडलेले बाबा पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बसू शकत नव्हते. ते गाडीत आडवे पडून सोबत होते. ती शर्यत नव्हती, आणि हेतूही निराळा होता. तरी सायकलींचा जथा आणि त्याच्यासोबत गाडीत पडलेला, चालवू न शकणारा पण त्याच प्रवासाचा मालक असलेला माणूस, हे चित्र रिले शर्यतीच्या फार जवळचं आहे. त्या यात्रेत जे विशीत होते ते २०१५ साली पन्नाशीत पोचले होते, म्हणजे ज्यांना आता शर्यतीच्या भाषेत 'मास्टर्स' म्हणतात त्या वयात. रॅममध्ये संघाचा वयोगट सभासदांच्या सरासरी वयावरून ठरतो. एक पासष्टीचा आणि एक पंचेचाळिशीचा एकाच संघात चालतो आणि दोघांची वयं मिसळून संघाचं एकच वय होतं. एरवी वय हे प्रत्येकाचं आपापलं ओझं असतं. इथे तेही वाटून घेता येतं.

धोका मात्र वाटला जात नाही. २००३ साली रॅममध्ये चौघांच्या संघातला ब्रेट मालिन न्यू मेक्सिकोत रात्री ट्रकखाली गेला. २००५ साली बॉब ब्रीडलव्ह हा त्रेपन्न वर्षांचा अस्थिशल्यचिकित्सक कोलोरॅडोत समोरून आलेल्या गाडीची धडक लागून मरण पावला. आपले महामार्ग तर सायकलला रस्त्यावरचा हक्कदार मानायलाच तयार नसतात. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो, त्यावर सायकलला बंदी आहे; बाकीच्या रस्त्यांवर बंदी नाही, एवढंच. तिथे पहाटे अंधारात निघणाऱ्या पाच-सहा जणांचा गट एकट्यापेक्षा लांबून दिसतो. क्लबाचा सर्वांत साधा आणि सर्वांत मोठा उपयोग हाच असेल.

आपल्याकडे लक्षात राहतात ते एकटे पोचणारे. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं, पण गोकुळनाथ आणि समर्थ यांच्याही मागे गाडी होती, आणि गाडीत रात्रभर जागणारी, पाणी, कपडे, नकाशा सांभाळणारी माणसं होती. निकालपत्रात त्यांच्यासाठी रकाना नसतो. संघाच्या निकालाची गोष्ट वेगळी. तिथे कोणी किती किलोमीटर चालवले हे छापलं जात नाही. प्रत्येकाच्या नावासमोर अख्खी अमेरिका लागते. निम्मा रस्ता झोपेत काढलेल्यालाही पूर्ण अंतराचं श्रेय मिळतं, कारण त्याच्या झोपेशिवाय उरलेला निम्मा रस्ता कापलाच गेला नसता. चाळिशी-पन्नाशीत खेळाकडे वळणाऱ्याच्या मागे दवाखाना, शेती, शाळा, म्हातारे आईवडील असतात. त्याला अख्खा रस्ता परवडत नाही. निम्मा परवडतो, फक्त उरलेला निम्मा उचलणारं कोणी तरी हवं. वर्ध्यात काय, नाशकात काय, क्लब स्थापन होतात ते बहुधा याच शोधात.