धोंड्यांची चाळिशी

आपल्या मराठी माणसाला वर्षं मोजण्याची भारी हौस. पन्नाशी, साठीशांत, पंच्याहत्तरी आणि आयुष्याची दोरी बळकट असली तर सहस्रचंद्रदर्शन. त्या एक्याऐंशीव्या वर्षी आपला माणूस काय करतो? पाटावर बसतो, लेकीसुनांकडून ओवाळून घेतो, डॉक्टरांची नजर चुकवून चमचाभर श्रीखंड चाटतो आणि दुपारी 'जरा पडतो' म्हणून आत जातो.

मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स हे दोन इंग्रज गृहस्थ १९४३ सालचे. २०२४ च्या एप्रिलात दोघांनाही एक्याऐंशीवं चालू होतं. त्यांनी काय केलं? ह्यूस्टनपासून सुरुवात करून स्टेडियममागून स्टेडियम गाजवत अमेरिकेचा दौरा केला. दौऱ्याचा प्रायोजक कोण, तर एएआरपी, म्हणजे पन्नाशीच्या पुढच्या लोकांची संघटना! पेन्शनरांनी पेन्शनरांसाठी घातलेला धुडगूस असंच त्याचं वर्णन करावं लागेल.

या मंडळींच्या बँडचं नाव 'रोलिंग स्टोन्स'. शुद्ध मराठीत गडगडणारे धोंडे. या धोंड्यांची मी उभा जन्म वाट पाहिली. पंढरीचा विठोबा एका विटेवर उभा राहून भक्तांची वाट पाहतो. आमचे देव सारखे फिरतीवर, त्यामुळे विटेवर भक्तांनाच उभं राहावं लागलं.

२००३ च्या सुरुवातीला एके रात्री जेवताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, स्टोन्स येताहेत. सात एप्रिल, ब्रेबर्न स्टेडियम. चाळीस वर्षं झाली ना त्यांना, त्याचा दौरा आहे."

माझा घास हातातच राहिला. सौभाग्यवतींनी विचारलं, "कोण येतंय?"

"धोंडे," मी म्हणालो.

"काहीतरीच काय! अहो, धोंड्याचा महिना पुढच्या वर्षी आहे."

पंचांगाच्या हिशेबाने तिचं बरोबर होतं. पण माझ्यासाठी धोंड्याचा महिना त्याच रात्री लागला. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी गिरगावातल्या चाळीत, खरखरणाऱ्या रेडिओला कान लावून रेडिओ सिलोनवर ज्यांना ऐकलं, ते आता चर्चगेटला येणार होते. मी त्रेपन्न वर्षांचा होतो. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोन वर्षं झाली होती आणि नाकावर दोन नंबरची चाळिशी होती. दोन्हीकडे चाळिशी, म्हणजे पत्रिका जुळत होती.

लगेच मी इतिहासाची उजळणी सुरू केली. भक्ताला देव पावो न पावो, पोथी पाठ पाहिजे. आणि या पोथीची गंमत अशी की तिचा पहिलाच अध्याय वादग्रस्त आहे.

चाळीस वर्षं मोजायची कुठून? रूढ तारीख १२ जुलै १९६२. त्या गुरुवारी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या 'मार्की' क्लबात हे नाव लावून मंडळी पहिल्यांदा रंगमंचावर आली. ही संधी मिळाली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. क्लबात गुरुवारी अ‍ॅलेक्सिस कॉर्नरचा ताफा वाजवत असे आणि जॅगर त्या ताफ्याबरोबर गात असे. त्या गुरुवारी कॉर्नरला बीबीसीचं बोलावणं आलं. पण बीबीसी पैसे देणार सहा जणांचे, आणि ताफ्यात माणसं सात. मग कोणाला वगळायचं? जॅगरला! क्लबातली जागा रिकामी, गायकही रिकामा. त्या दोन रिकाम्या जागांतून हा बँड उभा राहिला. म्हणजे ज्या दिवसाची चाळिशी, पन्नाशी आणि साठी जगभर साजरी झाली, तो मुळात एका माणसाला हिशेबातून गाळल्याचा दिवस आहे.

बारसंही असंच घाईत झालं. रिचर्ड्स सांगतो त्याप्रमाणे ब्रायन जोन्स जाहिरातीसाठी फोनवर बोलत होता. पलीकडच्याने बँडचं नाव विचारलं. नाव ठरलेलंच नव्हतं. जमिनीवर मडी वॉटर्सची रेकॉर्ड पडली होती आणि तिच्यातल्या एका गाण्याचं नाव होतं 'रोलिन स्टोन'. तेच सांगून टाकलं. आत्याबाई नाहीत, पाळणा नाही, टेलिफोनचे पैसे वाढताहेत म्हणून उरकलेलं बारसं!

बरं, त्या पहिल्या रात्री बास गिटार वाजवणारा बिल वायमन नव्हता, ड्रमवाला चार्ली वॉट्सही नव्हता. ड्रमवर नक्की कोण होतं यावर अजून वाद आहे. चार्ली आला १९६३ च्या जानेवारीत. म्हणून रिचर्ड्सचं म्हणणं असं की खरा जन्म १९६३ चा, १९६२ साली नुसते दिवस गेले! पन्नाशीच्या वेळी त्याने हा मुद्दा काढला तेव्हा मला आपल्या तिथी-तारखेच्या वादांची आठवण होऊन गहिवरून आलं. माणूस कुठलाही असो, थोरांची जयंती नीट एकमताने होता कामा नये.

वर्धापनदिनांचा पुढचा हिशेबही मासलेवाईक आहे. दहावं वर्ष १९७२ साली अमेरिकेच्या दौऱ्यात धुमधडाक्यात गेलं. त्या दौऱ्याचा शेवटचा दिवस म्हणजे जॅगरचा एकोणतिसावा वाढदिवस. पंचविसावं, १९८७ चं, जॅगर आणि रिचर्ड्स यांच्या अबोल्यात गेलं. १९८२ नंतर थेट १९८९ पर्यंत एकही दौरा नाही. रौप्यमहोत्सवी वर्षात नवराबायको एकमेकांशी मुलांमार्फत बोलतात, तसा प्रकार. १९८९ साली 'स्टील व्हील्स' नावाचा दौरा निघाला तर टवाळखोरांनी त्याचं 'स्टील व्हीलचेअर्स' करून टाकलं. तेव्हा जॅगर छेचाळिशीचा होता! तेव्हापासून प्रत्येक दौरा 'हा बहुतेक शेवटचा' या बोलीवर. भक्त धावत सुटतात. आमच्या चाळीतल्या एका आजींनी 'ही माझी शेवटची दिवाळी' म्हणत अठरा दिवाळ्या केल्या, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की आजींचं तिकीट नव्हतं.

आता माझ्या स्वतःच्या पोथीतलं एक पान. १९६८ साली आम्हा चौघा मित्रांनाही कॉलेजात 'बीट ग्रुप' काढण्याची दुर्बुद्धी सुचली. एक गिटार, एक बोंगो, मी गायक, आणि चौथा पेटीवाला. मी गायक का, तर मला शब्द पाठ होते. रेडिओच्या खरखरीतून मी ऐकलेले ते शब्द इंग्रजी भाषेत नव्हते, ही गोष्ट अलाहिदा. खरं संगीत येत होतं एकट्या पेटीवाल्याला. कुठलंही गाणं दोनदा ऐकलं की पेटीवर तिसऱ्यांदा वाजे. तालीम त्याच्याच खोलीत, चहा त्याच्याच आईचा.

स्नेहसंमेलनाच्या आदल्या आठवड्यात आमच्या लक्षात आलं की, बीट ग्रुपमध्ये लेंगा-सदरा घालून, जाड भिंगांचा चष्मा लावून, मांडी ठोकून बसलेला माणूस काही शोभत नाही. त्याला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हणालो, "तालमीला तू पाहिजेसच रे. फक्त स्टेजवर..." तो "बरं" म्हणाला. एवढंच. संमेलनाच्या दिवशी मांडववाल्याकडून भाड्याने आणलेला कर्णा आणि अँप्लिफायर त्यानेच खांद्यावरून वाहून आणला. आम्ही सपाटून पडलो, हे सांगायला नकोच. पण त्यानंतर ते 'बरं' अधूनमधून मला ऐकू येत राहिलं. आमची मैत्री टिकली, हा त्याचा मोठेपणा. आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही, हा माझा लहानपणा.

२००३ साली पहिला फोन मी त्यालाच केला. "येतोस का?" "बरं," तो म्हणाला.

मग सुरू झालं ते वाट पाहणं. मुलीचं लग्न ठरवतानाही एवढी विघ्नं आली नव्हती. २० मार्चला इराकमध्ये युद्ध पेटलं. २३ मार्चला जोहान्सबर्गला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याला १२५ धावांनी धुतलं आणि अख्खी मुंबई सुतकात गेली. तोवर पूर्वेकडे सार्स नावाचा नवा आजार पसरला. स्टोन्सचे हाँगकाँगचे कार्यक्रम पुढे गेले, चीनचे रद्द झाले. मी रोज पेपर उघडून पहिल्यांदा सार्सची बातमी वाचायचा. सौ.ला वाटलं मला आरोग्याची काळजी लागली, तिने तुळशीचा काढा सुरू केला. पेटीवाल्याचा रोज रात्री फोन : "अजून रद्द नाही ना?" "अजून नाही." "बरं."

दरम्यान चिरंजीवांनी मला लालभडक जीभ छापलेला टी-शर्ट आणून दिला. सौ. कडाडली, "ही तर कालीमातेची जीभ! देवीची जीभ अशी ढेरीवर मिरवायची?" मी तिची कीव केली आणि पोथी उघडली. तर काय! १९७० साली जॅगरने कालीचंच चित्र जॉन पॅश नावाच्या तरुण चित्रकाराला दाखवलं होतं आणि त्यावरून ही जीभ निघाली. पॅशला तेव्हा मिळाले होते पन्नास पौंड. सौ.ने पोथी न वाचता एका नजरेत जे ओळखलं, त्याला मला तीस वर्षं लागली. मी टी-शर्टावरून सदरा चढवला.

चार एप्रिलला बंगलोरचा कार्यक्रम पार पडला. तो त्यांचा भारतातला पहिला. आता तीन दिवस.

सात एप्रिलला, सोमवारी, आम्ही दोघे उन्हं उतरायच्या आत रांगेत हजर. ब्रेबर्न आम्हाला नवं नव्हतं. १९६६ च्या डिसेंबरात वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी आम्ही तिथेच पाहिली होती, पोळीभाजीच्या डब्यासकट. सौ.ने याही वेळी डबा दिला होता. "आत डबे नेऊ देत नाहीत," असं पुढच्या एका कॉलेजकुमाराने सांगितलं. तेव्हा रांगेतच डबा उघडला आणि एक पोळी त्यालाही दिली. पोळी खाल्लेल्या माणसाला इतिहास ऐकावाच लागतो. मी सुरू झालो.

मार्की सांगितलं, बारसं सांगितलं. मग रंगात येऊन म्हणालो, "तुला माहीत आहे का, हे पाच नव्हते, सहा होते! ब्रायन जोन्सने जाहिरात दिली तेव्हा सगळ्यात पहिला आला तो इयन स्ट्यूअर्ट. जॅगर आणि रिचर्ड्सच्याही आधी. पियानो वाजवायचा. एका मोठ्या केमिकल कंपनीत कारकून होता, बँडचे फोनसुद्धा त्याच्याच ऑफिसात यायचे. मग १९६३ साली अँड्र्यू ओल्डम नावाचा एकोणीस वर्षांचा मॅनेजर आला. तो म्हणाला, सहा चेहरे लोकांच्या लक्षात राहत नाहीत. शिवाय हा रुंद जबड्याचा गडी दिसायला या पोरांत शोभत नाही. तालमीला राहू दे, रेकॉर्डिंगला राहू दे, फक्त स्टेजवर..."

इथे माझी जीभ अडकली. हे वाक्य मी पूर्वी कुठेतरी म्हटलेलं होतं.

पेटीवाला शांतपणे रिकामा डबा रुमालात बांधत होता.

"मग काय झालं अंकल त्याचं?" पोराने विचारलं.

मला बोलवेना. उत्तर पेटीवाल्याने दिलं. "त्याने गाडी चालवली, सामान वाहिलं. बावीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिला. पियानोही सोडला नाही. मात्र दुःखी सूर, ते मायनर कॉर्ड, आले की हात उचलून घ्यायचा म्हणतात, त्याला ते आवडायचे नाहीत. १९८५ च्या डिसेंबरात गेला, डॉक्टरकडे नंबर लावून बसला असताना. नंतर अमेरिकेत यांचा मोठा सन्मान झाला, तेव्हा यांनी आग्रहाने त्याचंही नाव घालायला लावलं."

म्हणजे त्यालाही पोथी पाठ होती. माझ्यापेक्षा चांगली. ते पान तर त्याने किती वेळा वाचलं असेल, कोण जाणे.

पस्तीस वर्षं घशात अडकलेलं वाक्य मी एकदाचं बाहेर काढलं. "अरे, त्या वेळी संमेलनात आपण... म्हणजे मी... चुकलंच रे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू चुकलास ते निराळंच," तो म्हणाला. "सबंध गाणं काळी दोनमध्ये आणि तू सुरुवात पांढरी पाचमध्ये. मी स्टेजवर असतो तर सूर दिला असता."

तेवढ्यात गेट उघडलं आणि रांगेतून एक आरोळी उठली. माझ्या हातातल्या तिकिटावरचा मजकूर मला काही केल्या वाचता येईना. गडबडीत मी चाळिशी घरीच विसरलो होतो, असं निदान मी त्याला सांगितलं. त्याने स्वतःच्या डोळ्यांवरची काढून माझ्या हातात दिली.

"घाल," तो म्हणाला. "आणि चल लवकर. चाळीस वर्षं उभे आहोत."

त्याच्या जाड भिंगांतून मला तिकिटावरचं एक अक्षरही दिसलं नाही. मी "बरं" म्हणालो आणि त्याचा हात धरून आत शिरलो.