घाटावरून पाहिलेलें हर्णै बंदर

प्रवरा नदी सह्याद्रीच्या माथ्यावर, रतनगडाच्या परिसरांत उगम पावते. तेथून पश्चिमेचा समुद्र जवळ. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस वळते, संगमनेरास म्हाळुंगीला भेटते, आणि पुढें गोदावरीला मिळून तिचें पाणी दूरच्या बंगालच्या उपसागरांत जातें. संगमनेरच्या रहिवाशाचेंही कांहींसें असेंच आहे. त्याच्या नित्य परिचयाचा संगम दोन नद्यांचा. भरती-ओहोटी आणि गलबतें यांच्या गोष्टी तो ऐकूनच जाणतो. घाटावरच्या माणसाच्या या समुद्रविन्मुख वृत्तीचें मोल मराठी राज्याला एकदां फार जबर द्यावें लागलें. तें कोठें दिलें गेलें हें पाहावयाचें, तर घाट उतरून रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतील हर्णै बंदरास गेलें पाहिजे.

हर्णै हें मासळीच्या व्यापारानें गजबजलेलें गांव. किनाऱ्यालगत पाणी उथळ असल्यामुळें होड्या आंत नांगरावयाच्या आणि बैलगाड्या पाण्यांत घालून मासळी कांठावर आणावयाची, ही येथील जुनी रीत. वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे ढीग मांडले जातात व लिलाव पुकारला जातो. या गर्दीच्या पाठीशीं किनाऱ्यावर तीन लहान दुर्ग उभे आहेत. गोवा किल्ल्याचा तट अद्याप बराच शाबूत आहे. कनकदुर्गावर दीपगृह आहे. फत्तेगडावर कोळी बांधवांनीं घरें बांधलीं आहेत. आणि समोर, सुमारें पाव मैलावर, भर समुद्रांत सुवर्णदुर्ग आहे. किनाऱ्यावरचे तिघे जणूं त्याचे पहारेकरी.

होडींतून सुवर्णदुर्गास गेलें म्हणजे त्याच्या बांधणीचें मर्म ध्यानांत येतें. तटाचा खालचा भाग जागजागीं बेटाचा खडकच तासून केलेला असून त्यावर प्रचंड चिरे रचलेले आहेत. दरवाज्याच्या पायरीवर कासव कोरलेलें आहे, भिंतीवर मारुति आहे. आंत पाण्याचीं टांकीं व पडक्या इमारतींचे चौथरे झुडपांत दडले आहेत.

हा दुर्ग इसवी सन १६६० च्या सुमारास शिवाजी महाराजांकडे आला. पुढें कान्होजी आंग्रे यांचा उदय झाला तो याच दुर्गाच्या आश्रयानें. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथांनीं त्यांना शाहू महाराजांच्या पक्षाकडे वळविलें आणि सरखेलीचा अधिकार त्यांच्याकडे कायम झाला. आंग्र्यांचा परवाना घेतल्यावांचून कोंकणच्या समुद्रांत निर्वेध फिरणें परकी व्यापाऱ्यांना कठीण झालें. १७२९ सालीं कान्होजी वारले. त्यांच्या मुलांत कलह माजला, आणि दक्षिणेकडील किल्ले व आरमार अखेर तुळाजींच्या हातीं राहिलें.

तुळाजी शूर, पण पेशव्यांचा हुकूम न मानणारे. त्यांचा बंदोबस्त करणें नानासाहेब पेशव्यांना अगत्याचें वाटलें, यांत नवल नाहीं. परंतु त्यासाठीं त्यांनीं हात धरला तो इंग्रजांचा. १७५५ च्या एप्रिल महिन्याच्या आरंभीं कमोडोर विल्यम जेम्स ४४ तोफांचें ‘प्रोटेक्टर’ जहाज घेऊन सुवर्णदुर्गावर चालून आला. किनाऱ्यावर पेशव्यांची फौज होती. तोफांच्या माऱ्यांत किल्ल्यांतील दारूचा सांठा पेटला आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडला. पुढच्या वर्षी, १३ फेब्रुवारी १७५६ रोजीं, वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला. तेथें आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. तुळाजींचें उरलेलें आयुष्य बंदिवासांत गेलें. सुवर्णदुर्ग पेशव्यांना परत मिळाला. पण जळालेलीं जहाजें व तीं चालविणारे दर्यावर्दी कोणत्या तहानें परत मिळणार होते? एका बंडखोर सरदाराला शिक्षा करतांना राज्यानें आपलाच उजवा हात तोडून घेतला.

इंग्रजांना मात्र या विजयाचें मोल पुरतें कळलें होतें. जेम्स १७८३ मध्यें वारल्यावर त्याच्या पत्नीनें पतीच्या स्मरणार्थ लंडनजवळ शूटर्स हिल या टेकडीवर एक त्रिकोणी मनोरा बांधविला. त्याला सुवर्णदुर्गाचेंच नांव असून तो आजही उभा आहे.

सुवर्णदुर्गाच्या भाळीं याहून कठोर प्रसंग लिहिलेला होता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या लढाईंत यशवंतराव होळकरांनीं पुणें जिंकलें. दुसरे बाजीराव पळाले ते महाडवरून सुवर्णदुर्गास आले, आणि तेथून समुद्रमार्गें इंग्रजांच्या आश्रयास गेले. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. ज्या दुर्गापुढें पेशव्यांनीं इंग्रजी तोफा आणविल्या, त्याच दुर्गावरून पेशव्यांना इंग्रजांच्या दारीं जावें लागलें.

संगमनेरचे शाहीर अनंत फंदी यांचा जन्म १७४४ चा. सुवर्णदुर्ग पडला तेव्हां ते अकरा वर्षांचे होते. १८१८ मध्यें पेशवाई बुडालेली पाहून ते १८१९ सालीं निवर्तले. समुद्र गेला आणि राज्य गेलें, हें सारें एका माणसाच्या आयुष्यांत घडलें. हर्णैला जाणाऱ्यानें बाजार पाहून झाल्यावर सुवर्णदुर्गाच्या तटावरून घटकाभर पूर्वेकडे, सह्याद्रीच्या दिशेनें पाहावें. त्या डोंगरांपलीकडे बसून ज्यांनीं या समुद्राचे निर्णय घेतले, त्यांना हें बंदर किती दूर वाटत असेल, हें तेथें उमगतें.