खान नूनियन सिंग : एका व्यक्तिरेखेच्या दोन जन्मकथा

16 फेब्रुवारी 1967 रोजी ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेचा ‘स्पेस सीड’ हा भाग प्रसारित झाला. ‘एंटरप्राइज’ या अंतराळयानाला दोन शतके भरकटलेले एक जुने यान आढळते. त्यातील दीर्घनिद्रिस्त प्रवाशांचा म्होरक्या म्हणजे खान नूनियन सिंग. तो उत्तर भारतीय, बहुधा शीख असावा, असा अंदाज ‘एंटरप्राइज’वरील इतिहासतज्ज्ञ बांधते. कथेनुसार 1992 ते 1996 या काळात पृथ्वीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक भागावर त्याची हुकूमत होती. बळ आणि बुद्धी यांत सामान्यांहून वरचढ असलेला हा मानव निवडक पैदाशीतून घडला होता.

हा तपशील त्या काळाचा निदर्शक आहे. सुप्रजाजननाच्या नावाखाली अमेरिकेत हजारो लोकांची सक्तीने नसबंदी झाली होती आणि नाझी जर्मनीने तोच विचार संहारापर्यंत नेला होता. मालिकेतील भविष्याची भीती अशा रीतीने भूतकाळातून आली होती.

विज्ञान मात्र त्याच वेळी नव्या वाटेवर होते. अविभाजित पंजाबातील रायपूर या खेड्यात जन्मलेले हरगोबिंद खुराना विस्कॉन्सिन विद्यापीठात जनुकीय संकेताची उकल करीत होते. त्या कार्यासाठी 1968 मध्ये त्यांना रॉबर्ट हॉली व मार्शल निरेनबर्ग यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. 1970 मध्ये त्यांच्या गटाने यीस्टमधील एक जनुक रासायनिक पद्धतीने प्रयोगशाळेत घडवल्याचे जाहीर केले. 1973 मध्ये वेगवेगळ्या जीवांचे डीएनए जोडून ते जिवाणूत वाढवण्याचे तंत्र सिद्ध झाले. त्याच्या धोक्यांचा विचार करण्यासाठी 1975 मध्ये शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे एकत्र आले आणि अशा प्रयोगांसाठी त्यांनी स्वतःहून मर्यादा सुचवल्या.

1982 मध्ये ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटात खान परतला, तेव्हा त्याची ओळख जनुकीय अभियांत्रिकीची निर्मिती अशी करून देण्यात आली. पंधरा वर्षांत व्यक्तिरेखा तीच राहिली, जन्मकथा बदलली.

मे 2025 मध्ये भारताने जनुकसंपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. पुढील पिढ्यांत उतरणाऱ्या मानवी जनुकबदलांना मात्र मूलपेशी संशोधनाच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. पीक सुधारणे आणि माणूस ‘सुधारणे’ यांतील ही रेषा विज्ञानाने आपोआप आखून दिलेली नाही. ती समाजाने विचारपूर्वक ओढलेली आहे. श्रेष्ठ कोण, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा 1967 च्या कथेतील प्रश्न म्हणूनच आजही जिवंत आहे.