सपाट पडद्यावरील त्रिमितीय प्रतिमानन
सपाट पडद्यावरील त्रिमितीय प्रतिमानन म्हणजे लांबी, रुंदी व खोली असलेल्या वस्तूची संगणकीय प्रतिकृती द्विमितीय पडद्यावर घडवणे होय. यातील मूळ अडचण खोलीची आहे. माउस दोनच मितींत सरकतो आणि पडद्यावरील एक बिंदू अवकाशातील संपूर्ण रेषेचे प्रतिनिधित्व करतो. त्यामुळे समोरून जुळलेले दिसणारे दोन भाग प्रत्यक्षात एकमेकांपासून दूर असू शकतात. टिमोथी जॉन्सन यांनी १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत विकसित केलेल्या 'स्केचपॅड ३'मध्ये तीन लंब दृश्ये व एक यथार्थदर्शी दृश्य एकाच वेळी दाखवले जाई. अशी चार चौकटींची मांडणी ब्लेंडरसारख्या प्रणालींत आजही उपलब्ध आहे. मात्र ही दृश्ये मनात जोडून वस्तूचा आकार ओळखण्याचे काम वापरकर्त्याकडेच राहते व नवशिक्यांना तेच कठीण जाते. ताकेओ इगाराशी व सहकाऱ्यांच्या 'टेडी' (१९९९) या प्रणालीत हाताने काढलेल्या बाह्यरेषेला संगणक स्वतः फुगीर आकार देतो. त्यामुळे काम सुलभ होते, पण अचूक मापांवरील नियंत्रण कमी होते.