वैद्याचा विसावा

रोग्याला कोण बरे करतो हे सारेच विचारतात. बरे करणाऱ्याला कोण सावरतो, हे सहसा कोणी विचारीत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, उत्तरेकडील डोंगरात बौद्ध लेणी आहेत. सातव्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वर उभा आहे. भोवती आठ भये कोरली आहेत: आग, तलवार, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. भेदरलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत. इस्पितळाच्या दाराशी रोज हेच दृश्य असते! पण आत गाभाऱ्यात जावे, तो भिंतीवर एक स्त्री नाचते आहे आणि सहा जणी तिला वाद्यांची साथ देत आहेत. बाहेर हाका, आत संगीत.

या जिल्ह्यातल्याच अजिंठ्याच्या लेखांत एका वैद्याचे मन रमले होते. गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 साली पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. भावाबरोबर त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला, महारोगावर औषध शोधले. तरी 1853 साली विष्णुदास भावे मुंबईत नाटके घेऊन आले, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते हेच डॉक्टर. 1863 च्या सुमारास त्यांनी अजिंठ्याचे कोरीव लेख वाचून विद्वानांपुढे ठेवले. भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयासाठी ते झटले, त्याला 1975 पासून त्यांचेच नाव आहे.

मात्र भाऊ दाजी आपल्या वेळेचे धनी होते. रात्रपाळीची परिचारिका नसते. 1956 साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे रुग्णालय साऱ्या मराठवाड्याला ‘घाटी’ म्हणून ठाऊक आहे. तिथल्या गर्दीत सेवा करणाऱ्यांना भजनाचा कार्यक्रम देऊन झोपेची भरपाई होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली कामाच्या ताणाने येणारा शीण आपल्या रोगवर्गीकरणात नोंदविला, तो आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. म्हणजे औषध कामाच्या रचनेतच हवे. त्याच वर्षी तिच्याच एका अहवालाने 3000 हून अधिक अभ्यास तपासून कला आरोग्याला हातभार लावते, असे सांगितले.

तेव्हा आधी पुरेशी माणसे आणि हक्काची विश्रांती. मग पेटी, रंग, नाटक. लेणी घाटीपासून फार दूर नाहीत. यंदाच्या दिवाळीत फराळाचे ताट रात्रपाळीकडे जाईलच, त्याबरोबर कोणी म्हणावे, “सिस्टर, उद्या सुटी घ्या, लेणी पाहून या. तुमची पाळी आम्ही सांभाळतो.”